आधी नाडी, मग हाड

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी बाजारपेठेच्या एखाद्या प्रश्नावर आम्ही काही लिहावे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला. मागे एकदा आम्ही बारदानाच्या टंचाईवर लिहिले होते व एकदा अडतीच्या दरांवर. यंदाही तशाच एखाद्या विषयाची अपेक्षा असावी. परंतु २०२२ पासून एक गोष्ट आमच्या मनाला सलत आहे, आणि ती धान्याच्या भावाची नसून आपल्या गोदामांत राबणाऱ्या माणसांच्या पायांची आहे. ती या निमित्ताने सर्व व्यापारी बंधूंपुढे व त्यांच्या कुटुंबीयांपुढे मांडावी असे आम्ही ठरविले.

आम्ही वैद्य नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि उभा जन्म बेळगावच्या पेठेत तांदूळ, ज्वारी व कडधान्ये यांच्या पोत्यांत गेला. तथापि दोन प्रसंगांमुळे वैद्यकातील एका लहानशा गोष्टीची माहिती आम्हांस करून घ्यावी लागली. डॉक्टरांना विचारून, पुन्हा पुन्हा समजावून घेऊन जे पदरात पडले, तेवढेच येथे सांगतो.

पहिला प्रसंग २०१९ सालचा. आमचा पुतण्या चोर्ल्याच्या घाटातून मोटारसायकलने येत असता ओल्या वळणावर घसरला. गुडघा सुजला, पाय वाकडा दिसत होता, तो मित्रांनी जागीच सरळ केला. आम्हांस दूरध्वनी येताच आम्ही मोटार धाडली व त्यास थेट शहरातील मोठ्या इस्पितळात नेले. तेथील तरुण शल्यवैद्याने गुडघ्याकडे पाहण्याआधी पायाच्या पाठीवर व घोट्याच्या मागे बोट ठेविले. एका पायाची नाडी ठळक लागत होती, दुसऱ्याची क्षीण. मग त्याने रक्तदाब मोजण्याची पट्टी घोट्यास बांधली, नंतर दंडास बांधली, आणि दोन्ही आकड्यांचा भागाकार केला. तो ०.६ आला. "०.९ च्या खाली आला की संशय धरावयाचा," असे म्हणून त्याने त्यास तत्काळ सीटी अँजिओग्राफीसाठी पाठविले. गुडघ्याच्या मागील धमनी सुमारे दोन इंच बंद पडलेली त्या चित्रात स्पष्ट दिसली. दुसऱ्या पायातील एक शीर काढून तेथे जोडली गेली. अपघातापासून पाच तासांच्या आत पायात रक्त पुन्हा वाहू लागले. पुढे सांध्याच्या दोऱ्यांसाठी आणखी एक शस्त्रक्रिया झाली, परंतु आज तो दोन्ही पायांनी चालतो व दुकानाच्या पायऱ्या चढतो. त्या रात्री त्या चित्राचे साडेअकरा हजार रुपये झाले. आम्ही किंमत विचारलीसुद्धा नाही.

दुसरा प्रसंग २०२२ च्या जून महिन्यातला. आमच्या गोदामात बावीस वर्षे काम करणारा एक हमाल तांदळाच्या थप्पीखाली उभा होता. दुपारी साडेचारच्या सुमारास वरची पोती सरकली. ५० किलोचे एक पोते त्याच्या गुडघ्यावर समोरून आदळले व रोवलेल्या पायाचा गुडघा मागे वाकला. सोबत्यांनी त्यास उचलून पाय ओढून सरळ केला. जवळच्या दवाखान्यात क्ष-किरण चित्र काढले. हाड मोडलेले नाही असे कळताच सर्वांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. पट्टी बांधली, वेदनेचे इंजेक्शन दिले आणि पाय उंच ठेवून झोपण्यास सांगून घरी पाठविले. रात्री नऊ वाजता त्याच्या पायास मुंग्या येऊ लागल्या व बोटे गार लागू लागली. त्याच्या पत्नीने आमच्या दिवाणजींना कळविले. दिवाणजींनी मोठ्या इस्पितळात चौकशी केली. तेथे आगाऊ रक्कम भरावी लागेल असे सांगण्यात आले. एवढी रक्कम मालकांना विचारल्याखेरीज कशी भरावी, म्हणून त्यांनी आम्हांस दूरध्वनी केला. आम्ही रात्रीच्या आगगाडीत होतो व आमचा फोन बंद होता. दिवाणजींनी सकाळपर्यंत थांबण्याचे ठरविले. त्यांचा दोष आम्ही मानीत नाही. विचारल्याशिवाय दमडीही खर्च करावयाची नाही, हे आम्हीच त्यांना तीस वर्षे शिकविले होते.

सकाळी सात वाजता त्यास इस्पितळात नेले. "मालक, पाय माझा वाटतच नाही," असे तो आम्हांस फोनवर म्हणाला. सीटी अँजिओग्राफीच्या चित्रात मांडीतली धमनी गुडघ्यापर्यंत उजळ दिसत होती आणि गुडघ्यामागे एकदम संपत होती. त्याखाली काहीच नव्हते. पुतण्याच्या चित्रात जे दिसले होते, तेच. फरक वेळेचा होता. शस्त्रक्रिया झाली, धमनी जोडली गेली, परंतु पोटरीचे स्नायू तोपर्यंत मेले होते. चौथ्या दिवशी पाय गुडघ्याच्या थोडा वर कापावा लागला.

गुडघा तोच, इजा तीच, गाव तेच, आणि खर्च करणारी पेढीही तीच. एक पाय राहिला व एक गेला. हे लिहिताना कोणा दवाखान्यावर वा व्यक्तीवर बोट ठेवण्याचा आमचा हेतू नाही. बोट ठेवावयाचेच तर ते आमच्याकडेच वळते. जी गोष्ट २०१९ साली आमच्या घरात कळली होती, ती २०२२ पर्यंत आमच्या गोदामाच्या दारापर्यंत पोहोचली नाही. तीन वर्षांत आम्ही ती कोणास सांगितली नाही. एवढ्याचसाठी हा लेख.

आता ती गोष्ट काय, ते सांगतो. हृदयातून निघालेले रक्त जांघेतून मांडीत उतरते, मांडीतील मोठ्या धमनीने गुडघ्याच्या मागे येते आणि तेथून खाली तीन शाखांनी पोटरी व पाऊल यांना मिळते. गुडघ्यामागचा हा तुकडा वर मांडीच्या स्नायूतील एका छिद्रापाशी व खाली पोटरीच्या स्नायूच्या कमानीपाशी जखडलेला असतो. दोन खुंट्यांना बांधलेल्या दोरीसारखा. गुडघा निखळला की खुंट्या एकमेकींपासून दूर जातात आणि दोरीवर ताण येतो. या ठिकाणी आडवाटेने येणारे रक्त थोडे असते. मुख्य पाट बंद झाला की आसपासच्या चरांचे पाणी शेताला पुरत नाही, तसाच हा प्रकार. शिवाय निखळलेला गुडघा पुष्कळदा आपोआप वा कोणी ओढल्यावर जागेवर बसतो, आणि क्ष-किरण चित्रात सर्व काही जागच्या जागी दिसते.

आणखी एक गोष्ट आम्हांस फार विलक्षण वाटली. धमनी प्रत्येक वेळी बाहेरून फाटत नाही. धान्याच्या पोत्याला आतून प्लास्टिकचे अस्तर असते, हे आपण जाणतोच. बाहेरचे पोते शाबूत असून आतले अस्तर फाटून त्याची घडी तोंडाशी यावी, तसे धमनीचे आतील अस्तर फाटते. आरंभी रक्त वाहत राहते, नाडीही लागते. मग त्या घडीपाशी रक्त साकळू लागते आणि काही तासांत वाट बंद होते. म्हणून सायंकाळी बरा वाटलेला पाय रात्री गार पडतो. रक्तावाचून स्नायू व मज्जातंतू सुमारे सहा तास तग धरतात असे डॉक्टर मानतात. त्यापुढे प्रत्येक तास पाय वाचण्याची आशा कमी करीत जातो. सहा तास ही काही सीमारेषेची दगडी खूण नव्हे, परंतु गोदामातील घड्याळाकडे पाहताना हाच आकडा मनात धरावा.

या इजेची भयानकता जगाला युद्धांनी शिकविली. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैन्यात धमन्यांना झालेल्या २,४७१ इजांचा हिशेब डिबेकी व सिमिओन या शल्यवैद्यांनी १९४६ साली प्रसिद्ध केला. गुडघ्यामागची धमनी जखमी झालेल्या सैनिकांपैकी शेकडा ७२ हून अधिक जणांचा पाय कापावा लागला होता. त्या काळी धमनी बांधून रक्तस्राव थांबविण्याचाच मार्ग बहुधा अवलंबीत असत. कोरियाच्या युद्धात धमनी जोडण्याची पद्धत रूढ झाली, जखमींना हेलिकॉप्टरने लवकर हलविण्यात येऊ लागले, आणि जोडलेल्या प्रमुख धमन्यांचा एकत्र विचार करता पाय वा हात गमावण्याचे प्रमाण शेकडा १३ च्या आसपास उतरले. म्हणजे इलाज सत्तर वर्षांपूर्वीच सापडला होता. प्रश्न उरला तो इतकाच, की धमनी कोठे बिघडली आहे हे वेळेत कसे समजावे.

राँटजेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधून काढले, तेव्हा हाड दिसू लागले. रक्त दिसत नव्हते. रक्तात क्ष-किरणांना अडविणारे द्रव्य सोडून रक्तवाहिन्यांचे चित्र घ्यावे, ही कल्पना विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात प्रत्यक्षात आली. १९२७ साली लिस्बन येथे एगाश मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे असे चित्र घेतले. १९५३ साली स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुई, तार व बारीक नळी यांच्या साहाय्याने धमनीत शिरण्याची सोपी युक्ती काढली. तीच पद्धत पुढे अनेक दशके चालली. जांघेतील धमनीत नळी घालावयाची, द्रव्य सोडावयाचे आणि चित्रे घ्यावयाची. चित्र उत्तम येई, परंतु त्यासाठी निष्णात माणसे जमवावी लागत, वेळ जाई व धमनीला स्वतंत्र भोक पडे. रात्रीच्या वेळी लहान शहरात ते जमणे कठीणच होते.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील एका इस्पितळात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी चित्र घेतले गेले. हाउन्सफील्ड हे ईएमआय या कंपनीत अभियंता होते. आपल्या घरी ग्रामोफोनवर ज्या कुत्र्याचे चित्र असे, त्या हिज मास्टर्स व्हॉइसच्या तबकड्या काढणारी हीच कंपनी. १९७९ साली त्यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे एका फेरीत अनेक काप घेणारी यंत्रे आली. १९९८ च्या सुमारास चार कापांची व २००४ च्या सुमारास चौसष्ट कापांची. यंत्राला वेग आला तेव्हा वाहत्या रक्ताबरोबर धावत त्याचे चित्र घेणे शक्य झाले. तीच सीटी अँजिओग्राफी.

ती कशी करितात? हाताच्या शिरेत सुई लावून आयोडीनयुक्त द्रव्य, साधारणपणे ८० ते १२० मिलिलिटर, यंत्राच्या पिचकारीने वेगात सोडतात. अंगात क्षणभर ऊब पसरते. ते द्रव्य हृदयातून पायाच्या धमन्यांत उतरत असता मेज कड्यातून सरकते आणि पोटापासून पावलापर्यंतचे चित्र एका मिनिटाच्या आत घेतले जाते. जांघेत नळी नाही, भूल नाही. धमनी बंद आहे, फाटली आहे, चेपली आहे की शेजारच्या शिरेशी जोडली गेली आहे, हे दिसते. त्याच चित्रात हाडही दिसते. पायाच्या इजांमध्ये या तपासणीची अचूकता शेकडा ९५ च्या वर असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे, आणि म्हणूनच नळी घालून चित्र घेण्याची जुनी रीत संशयाच्या प्रसंगी बव्हंशी मागे पडली.

येथे एक सावधगिरीचा शब्द सांगितलाच पाहिजे. सीटी अँजिओग्राफी ही प्रत्येकासाठी नाही. जखमेतून रक्ताच्या चिळकांड्या उडत असतील, सूज डोळ्यांदेखत वाढत असेल, पाय पांढरा व गार पडून नाडी मुळीच लागत नसेल आणि इजा एकाच जागी असेल, तर चित्र काढीत न बसता रुग्णास थेट शस्त्रक्रियागृहात नेतात. उलट नाडी दोन्ही पायांची सारखी व घोट्याचा आकडा ०.९ वा त्याहून अधिक असेल, तर बहुधा लक्ष ठेवून पुन्हा पुन्हा तपासणे पुरते. या दोहोंच्या मधला जो संशयाचा पट्टा, तेथे हे चित्र निर्णय देते. तसेच पाय अनेक ठिकाणी मोडला असेल, तर नेमकी कोणती जागा उघडावी हेही ते सांगते. मूत्रपिंडाचा विकार, आयोडीनच्या द्रव्याची पूर्वीची प्रतिक्रिया, मधुमेहाची औषधे, गर्भारपण या गोष्टी डॉक्टरांना आधी सांगाव्यात. शरीरात धातूचे तुकडे असल्यास चित्र अंधुक होते. क्ष-किरणांचा डोसही येतोच. यंत्र कितीही चांगले असले तरी त्याच्या आधी नाडीवर बोट ठेवणारा मनुष्य लागतो.

आमच्या काही मित्रांनी यावर दोन आक्षेप घेतले. पहिला असा की, इस्पितळे विनाकारण महागड्या तपासण्या करावयास लावितात. त्यात आपण भर का घालावी? आक्षेप अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्याचे उत्तर तपासणी टाळण्यात नाही. घोट्याचा व दंडाचा रक्तदाब मोजण्यास फार खर्च येत नाही. तो आकडा किती आला, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. माल घेताना आपण नमुना हातात घेऊन ओल पाहतो, मगच बोली करितो. त्यातलाच हा व्यवहार आहे. आकडा कमी असेल तर चित्राला नाही म्हणू नये, आणि आकडा न मोजताच 'सर्व ठीक आहे' असे कोणी म्हटले तर समाधान मानू नये.

दुसरा आक्षेप असा की, हमालाच्या खर्चाची जबाबदारी पेढीने किती उचलावी? कामावर असता झालेल्या दुखापतीचा भार धन्यावर येतो, हे तत्त्व १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून या देशात मान्य आहे. केंद्र सरकारने २०२५ च्या मे महिन्यात रस्ता अपघातातील जखमींसाठी दीड लाख रुपयांपर्यंत व सात दिवसांपर्यंत विनारोकड उपचारांची योजना जाहीर केली, ती स्वागतार्ह आहे. परंतु ती रस्त्यावरील मोटार अपघातांची आहे. थप्पीखाली सापडलेल्या माणसाला ती लागू नाही. त्याचा विचार आपणच करावयाचा. कायदाही क्षणभर बाजूस ठेवू. आपल्या समाजात औषधदान हे चार दानांपैकी एक मानले आहे. आपण पांजरपोळाला वर्गणी देतो, लंगड्या बैलाच्या चाऱ्याची तजवीज करितो आणि त्यात धन्यता मानतो, ते योग्यच आहे. मग ज्याच्या पाठीवरून आपला माल वखारीत चढला, त्याच्या पायाची चौकशी करावयास रात्र का उलटावी?

म्हणून आम्ही संघापुढे चार सूचना ठेवीत आहोत.

पहिली सूचना फलकाची. प्रत्येक गोदामात, जेथे हमाल पाणी पितात तेथे, मराठीत व कानडीत मोठ्या अक्षरांत फलक लावावा. त्यावर एवढेच असावे: गुडघ्यास वा पायास जबर मार बसल्यास दोन्ही पावले उघडी करून पाहावीत, एक पाऊल गार, फिकट वा बधिर असेल, बोटे हलत नसतील, किंवा वेदना मारापेक्षा फार अधिक असेल, तर वेळ लिहून ठेवून तत्काळ मोठ्या इस्पितळात न्यावे. तेल लावून चोळू नये, शेकू नये, ओढून झटके देऊ नयेत. पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. दाबूनही थांबत नसेल तरच जखमेच्या वर रुंद पट्टा आवळावा व आवळल्याची वेळ लिहावी. शस्त्रक्रिया लागण्याचा संभव असल्याने चहा वा अन्न देऊ नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक फिरवावा. आणि क्ष-किरण चित्रात हाड शाबूत निघाले तरी त्या रात्री दर तासाला पाऊल हाताने चाचपून पाहावे. या शेवटच्या वाक्याने आमच्या हमालाचा पाय कदाचित वाचला असता.

दुसरी सूचना यादीची. आपल्या शहरातील कोणत्या इस्पितळात सीटीचे यंत्र रात्रीही चालू असते, ते चित्र वाचणारा डॉक्टर रात्री उपलब्ध असतो की नाही, आणि धमनी जोडणारा शल्यवैद्य त्याच इस्पितळात आहे की बाहेरून बोलवावा लागतो, हे संघाच्या दोन सभासदांनी समक्ष जाऊन विचारावे व त्याची यादी छापून प्रत्येक पेढीवर द्यावी. यादी दर सहा महिन्यांनी तपासावी. केवळ यंत्र असून उपयोग नाही. चित्र एकीकडे व शल्यवैद्य दुसरीकडे असला की त्या ये-जा करण्यात सहा तास सरतात.

तिसरी सूचना हमीची. पूर्वी प्रत्येक पोत्यामागे धर्मादाय काढण्याची रीत पेठेत होती. त्याच धर्तीवर प्रत्येक सभासद पेढीने वर्षास २,००० रुपये द्यावेत व त्यातून संघाने एक तातडीचा निधी उभारावा. निवडलेल्या इस्पितळांना संघाने आगाऊ हमीपत्र द्यावे, की सभासद पेढीचा मनुष्य जखमी होऊन आल्यास अनामत रकमेसाठी थांबू नये. खर्चाचा हिशेब व पेढीकडून वसुली मागाहून होत राहील. एका ट्रकातील मालाच्या किमतीपुढे त्या चित्राची किंमत काय आहे, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको.

चौथी सूचना मालकांसाठी, आणि तीच आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या दिवाणजींना लेखी अधिकार द्यावा. माणूस जखमी झाल्यास मालकास न विचारता पेढीच्या खात्यातून खर्च करण्याची त्यांना मुभा असावी, आणि तसे केल्याबद्दल पुढे एका शब्दानेही त्यांना बोलू नये. आम्ही असे पत्र आमच्या दिवाणजींना २०२२ च्या जुलैमध्ये दिले. ते त्यांनी पाकिटात न ठेवता चौकटीत बसवून गल्ल्याच्या वर टांगले आहे. ते पाहिले की आम्हांस प्रत्येक वेळी थोडी लाज वाटते, आणि ती वाटत राहावी हे बरेच आहे.

थप्पी किती उंच लावावी, पोती आडवी-उभी कशी रचावीत, ओल्या जमिनीवर फळ्या कशा घालाव्यात, याविषयीही लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. अपघात न होणे हेच खरे. परंतु ज्या दिवशी तो होईल, त्या दिवशी पेठेत जे कोणी हजर असतील त्यांना पाऊल चाचपता यावे आणि मोठ्या इस्पितळाची वाट धरण्यास कोणाची परवानगी लागू नये, एवढी तयारी आपण आजच करू शकतो.

तो हमाल आता आमच्या गोदामाच्या दाराशी काट्यावर बसतो व पोत्यांची मोजदाद ठेवितो. कृत्रिम पाय बसविला आहे. उन्हाळ्यात तो फार टोचतो म्हणून कित्येकदा काढून शेजारी ठेवितो. गेल्या वर्षी नव्याने लागलेल्या एका पोराच्या पायावर पोते पडले, तेव्हा सर्वांच्या आधी यानेच हाक मारली, "अरे, त्याची चप्पल काढा, पाऊल बघा." पाऊल ऊबदार होते, बोटे हलत होती, नाडी लागत होती. तरीही इस्पितळात नेऊन घोट्याचा आकडा मोजून आणला. तो १ आला. चित्र काढावे लागले नाही. पोर तिसऱ्या दिवशी कामावर आले.

येत्या वार्षिक सभेत या चार सूचनांचा ठराव आम्ही मांडणार आहोत. त्यास अनुमोदन द्यावे, किंवा याहून अधिक चांगली योजना सुचवावी, अशी सर्व बंधुभगिनींस नम्र विनंती आहे. परंतु ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही. हे वाचून झाल्यावर आपापल्या गोदामात जावे आणि हमालांना जवळ बोलावून पायाची नाडी कोठे लागते ते दाखवावे: पावलाच्या पाठीवर मध्यभागी, आणि घोट्याच्या आतील हाडाच्या किंचित मागे. स्वतःच्या पायावर आधी शोधून पाहावे. ती सापडण्यास आम्हांस प्रथम पाच मिनिटे लागली होती. आता अंधारातही सापडते.